सीमेपलीकडची जुनी गाडी घेताय? आधी आपला मिस्त्री, मग इसार

म्हापशातली गाडी बेळगावच्या भावापेक्षा स्वस्त दिसते. कोल्हापुरात तेच मॉडेल कमी रनिंगमध्ये मिळतं. मोबाइलवर फोटो येतात, एजंट "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणतो आणि इसार ऑनलाइन जातो. सीमाभागात जुन्या गाड्यांचे बरेच व्यवहार असेच होतात. गाडी चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट दोन तासांत ओलांडते, पण तिचे कागद आणि कर इतक्या सहज हद्द ओलांडत नाहीत. नंतर दोष निघाला तर विकणारा दुसऱ्या राज्यात, आरटीओ दुसऱ्या राज्याचं आणि हेलपाटे घेणाऱ्याच्या नशिबी. म्हणून पैसे देण्याआधी गाडीची आणि कागदांची स्वतंत्र तपासणी करून घेणं सीमाभागात जास्त गरजेचं आहे.

तपासणारा कोणाचा माणूस?

व्यवहार झाला काय किंवा मोडला काय, ज्याच्या खिशाला काही फरक पडत नाही, तोच स्वतंत्र तपासनीस. एजंटने सुचवलेला गॅरेजवाला, डीलरच्या शेडमधला फिटर किंवा डीलरने स्वतःच छापलेला तपासणी अहवाल यात बसत नाही. आपला नेहमीचा मिस्त्री दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावा. ते जमत नसेल तर गाडी ज्या गावात आहे तिथल्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर पैसे भरून तपासणी करून घ्यावी. मजुरी आधीच ठरवावी. गाडी घेतली नाही तरी ती पूर्ण द्यायची, हेही सांगून ठेवावं. म्हणजे मिस्त्रीला "नको घेऊ" म्हणताना संकोच वाटत नाही.

विकणारा गाडी बाहेर न्यायला किंवा लिफ्टवर चढवायला नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मिस्त्रीने काय बघायचं

गाडी थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करावी. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच दोष लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शक्यता असते. थंड हवेत, फार कमी चाललेल्या गाडीतही तो थोडा दिसू शकतो, म्हणून कूलंटची पातळी आणि रंग सोबत बघावा. स्कॅनर लावून इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचून घ्यावेत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवल्याचा संशय घ्यावा.

बॉनेट, दरवाजे आणि डिकीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग कधीतरी काढलेले आहेत. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र बऱ्याच टिंकरिंगवाल्यांकडे असतं. त्यातून पुटी कुठे भरली आहे ते कळतं. ओरखड्यासाठी केलेलं पेंटिंग चालेल, पण चासीला वेल्डिंग असेल तर गाडी सोडावी.

मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नये. पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची सीट किती झिजली आहे ते बघावं. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. गाडीत २० हजारांचं रनिंग दाखवताहेत आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले आहेत, तर हिशेब जुळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मालकाला मागवायला सांगाव्यात.

चालवून बघायची तर सपाट रस्त्यावर एक फेरी पुरत नाही. जवळचा घाट किंवा चढ निवडावा. क्लच घसरतो का आणि इंजिन तापतं का, ते चढावर कळतं. ब्रेक किती धरतो ते उतारावर कळतं.

पुरातली आणि समुद्रकाठची गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांत पूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणसह कोल्हापूर-सांगली पुन्हा पाण्याखाली गेलं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, नवी सीट कव्हर घालून पुन्हा बाजारात येऊ शकते. तिची वायरिंग लगेच बिघडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकेक दिवा, सेन्सर बंद पडू लागतो.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असू शकते. कार्पेट उचलून खालचा पत्रा, सीटच्या रुळाचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि फ्यूज बॉक्स बघावा. हेडलाइटच्या आत साचलेला ओलावा आणि केबिनमधला भपकन येणारा सुगंध, दोन्हींवर संशय घ्यावा.

किनाऱ्यावरच्या गाडीत गंज खालून लागतो. ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं तर ते गंज झाकायला मारलंय का, हे मिस्त्रीने ठोकून बघावं.

गोव्यातली गाडी आधी रेंट-अ-कॅब होती का, हेही विचारावं. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. खाजगी पासिंग झाल्यावर पाटी बदलते, पण हातोहात फिरलेल्या गाडीची झीज तशीच राहते.

कागदांची तपासणी

चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवावा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा, फिटनेस आणि बोजा बघावा. ई-चलनच्या संकेतस्थळावर थकीत दंड दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर गाडी चोरीची नोंदली आहे का ते तपासता येतं.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर "लोन भरलंय" हे तोंडी सांगणं पुरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. दुसऱ्या राज्यात न्यायची तर जुन्या आरटीओची एनओसी लागते, तिचा फॉर्म २८. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर ३ वर्षांची चाचणी झालेली हवी.

विमा नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. पॉलिसीतली नो क्लेम सवलत विकणाऱ्याची असते, ती गाडीबरोबर येत नाही.

स्वस्त खरंच किती?

नव्या राज्यात गाडी नावावर करताना तिथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. जुन्या राज्यातल्या कराच्या परताव्याचा अर्ज वेगळा आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हाती येईपर्यंत ती रक्कम हिशेबात धरू नये. समजा गोव्यातली गाडी ६० हजारांनी स्वस्त आहे. नवा कर ४५ हजार, टायर-बॅटरी १८ हजार आणि एजंट-प्रवास ५ हजार धरले, तर एकूण ६८ हजार होतात. म्हणजे ती गाडी ८ हजारांनी महाग पडली. कराचा नेमका आकडा आपल्या आरटीओतून आधीच काढून घ्यावा.

इसार आणि सही

इसार देताना साध्या कागदावर लिहून घ्यावं: तपासणीत ठरावीक दोष निघाले किंवा एनओसी मिळाली नाही, तर रक्कम ठरलेल्या तारखेपर्यंत परत. पैसे बँकेतून, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यावर द्यावेत.

विकणाऱ्यानेही कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळं होऊ नये. आरसीवर नाव राहिलं तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी हद्दीपलीकडे गेली तरी नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं दोघांनीही समजू नये.