शीतक गळती व अतितापन (ट्रॅक्टर इंजिन)
जलशीतित इंजिनातील शीतक गळून किंवा त्याचे अभिसरण खुंटून तापमान मर्यादेबाहेर जाण्याचा बिघाड. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मधपोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर प्रचारात आणला. आजची रचना त्याच तत्त्वावर चालते (पहा : अंतर्ज्वलन इंजिन).

रेडिएटरचे झाकण दाब राखते व शीतकाचा उत्कलनबिंदू वाढवते. झाकणाचे रबर झिजल्यास गळती नसतानाही शीतक उकळून बाहेर पडते. निदान थंड इंजिनावरच करतात, कारण तापलेले झाकण उघडल्यास वाफेने भाजते. होज पाइपचे क्लॅम्प, रेडिएटरची टाकी आणि वॉटर पंपाखालचे निथळ-छिद्र आधी पाहतात. बाहेर ओल नसताना पातळी घटत असेल, तर हातपंपाने दाब देऊन तो टिकतो का हे तपासतात. दुधाळ ऑइल, धुराड्यातून सतत पांढरा धूर किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसल्यास हेड गॅस्केटचा संशय बळावतो (पहा : गॅस्केट). गळती नसल्यास थर्मोस्टॅट, सैल फॅन बेल्ट व कचऱ्याने बुजलेली जाळी उरते.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात (पहा : ऊसतोड कामगार). या हंगामात ट्रॅक्टरने उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढताना, विशेषतः चढावर, इंजिनावर भार जास्त व वेग कमी असतो. त्यात पाचटाने जाळी बुजते. शीतकाऐवजी बोअरचे जड पाणी भरल्यास क्षार साचून नलिका अरुंद होतात.