फसलेला रुमाल आणि न भेटणाऱ्या रेषा

मंडळी, गोरेगावात आज गणितावर बोलायचं म्हणून आम्ही सोबत क्रोशाचा रुमाल आणलाय. असे रुमाल आपल्या घरांत रेडिओवर असायचे, मग टीव्हीवर आले, रुखवतात तर हमखास. त्यांना कुणी गणित म्हटलं नाही. आज आपण तेच करणार आहोत.

रुमाल सपाट का राहतो? मध्ये सहा मुके खांब, पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४. दर फेरीला सहाच वाढतात. फेरी एका टाक्याच्या उंचीएवढी बाहेर सरकली, की परिघात त्या उंचीच्या साधारण सव्वासहा पट भर पडते. मुका खांब जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून सहा. विणणाऱ्या आजीला 'पाय' ठाऊक नसेल, सहा मात्र पक्के ठाऊक होते. कमी वाढवले की टोपी होते. जास्त वाढवले की कड झालरीसारखी लहरते. मग 'फसला' म्हणायचं आणि उसवायचं.

आता या फसलेल्या रुमालाचा इतिहास बघू. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते, हे आपण शाळेत शिकलो. ही युक्लिडची भूमिती सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अठराव्या शतकात अरबीवरून संस्कृतात आणली. ते 'रेखागणित' इथे मुंबईत, मुंबई संस्कृत मालेत, १९०१-०२ मध्ये छापलं गेलं. पण त्याच्या सत्तर वर्षं आधीच लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोल्यई (१८३२) यांनी दुसरी भूमिती मांडली होती. तिच्यात त्या बिंदूतून अशा कितीतरी रेषा जातात, ज्या मूळ रेषेला कधीच भेटत नाहीत.

कागदावर सिद्ध झालं, पण हातात कसं धरायचं? बेल्त्रामीने एकोणिसाव्या शतकात कागदाची प्रतिकृती केली. थर्स्टनने १९७०च्या दशकात कागदी पट्ट्या जोडायची युक्ती दाखवली. पण कागद वर्गात हाताळला की फाटतो. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिन्या यांनी क्रोशाची सुई उचलली. लहानपणी लाटव्हियात शिकलेलं विणकाम इथे उपयोगी पडलं. नियम एवढाच: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका जादा, प्रत्येक ओळीत. टाके बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात. दर टाक्यात दोन घातले, तर ६, १२, २४ करत सहाव्या फेरीत १९२ होतात. सपाट रुमालात तिथे फक्त ३६.

या झालरीला घडी घातली की घडी म्हणजे सरळ रेषा. तिच्यावर रंगीत दोरा घाला. बाहेरचा एक बिंदू धरून आणखी तीन घड्या घाला. त्या पहिलीला भेटत नाहीत, हे बोटांना कळतं.

आमचं म्हणणं असं नाही, की आपल्या आज्यांनी ही भूमिती शोधली. वस्तू त्यांच्या मांडीवर होती, प्रश्न विद्यापीठात होता. दोघांची गाठ पडायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. बायकांच्या हातातलं काम म्हणजे वेळ घालवणं, असं धरून चाललो, त्याची ही किंमत. तेव्हा घरी विणताना पुढचा रुमाल लहरला, तर उसवू नका. आधी टाके मोजा.