मज्जातंतू तुटल्यावर

शरीरशास्त्रातील काही शोध विषाचे बोट धरून लागले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नार यांनी दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणांचे विष, क्युरारे, बेडकावर वापरून पाहिले. विजेचा झटका थेट स्नायूला दिला तर तो आखडे. मज्जातंतूला दिला तर स्नायू ढिम्म हलेना. म्हणजे विषाचा घाला होता तो या दोहोंच्या सांध्यावर.

त्या सांध्यात आहे तरी काय? केंब्रिजच्या जॉन लँगली यांना असे आढळले की, मज्जातंतू तोडून तो पुरता झिजल्यावरही निकोटिनने स्नायू आकुंचन पावतो व क्युरारेने तो परिणाम मावळतो. तेव्हा स्नायूपेशीतच एखादे ग्रहणशील द्रव्य असले पाहिजे, असा सिद्धान्त त्यांनी १९०५ मध्ये मांडला. आज त्याला आपण ग्राही म्हणतो. पुढे १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून मज्जातंतू आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोचवितो हे दाखविले. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन ठरले, आणि कुलूप व किल्ली दोन्ही हाती आल्याचा भास झाला. दृष्टांत सोयीचा खरा, पण फसवा. कारण कुलूप काही वाढत नाही, आणि हे तर वाढते.

याची चाहूल वॉल्टर कॅनन यांना लागली होती. मज्जातंतूचा संबंध तुटला की अवयव त्या तंतूच्या रासायनिक द्रव्याला अधिकच संवेदनशील होतो, असा नियम त्यांनी १९३९ मध्ये सांगितला. कारणाचा उलगडा मात्र वीस वर्षे लांबला. १९५९ मध्ये ॲक्सेलसन व थेस्लेफ या स्वीडिश संशोधकांनी मज्जातंतू तोडलेल्या मांजराच्या स्नायूवर सूक्ष्म नळीने ॲसिटिलकोलीनचे कण सोडले. एरव्ही केवळ सांध्यापाशी असणारी संवेदना आता तंतूच्या अंगभर पसरलेली होती! गावाकडची पत्रे येईनाशी झाली म्हणजे परगावी राहणारा टपालवाल्याच्या पावलांकडे कान लावून बसतो. पेशीचेही काहीसे तसेच होते म्हणावयाचे. ही केवळ स्नायूची लहर नव्हे. १९७१ मध्ये कुफ्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या हृदयातील मज्जापेशींकडे येणारे तंतू तोडून पाहिले, तेव्हा त्या पेशींच्या पृष्ठभागावरही हाच प्रकार आढळला.

आता ग्राही मोजावयाचे कसे? येथे पुन्हा विषच मदतीला आले, आणि तेही आपल्या मण्यारीच्या तैवानी भगिनीचे. तैपेईत चँग व ली यांनी १९६३ मध्ये त्या सर्पविषातून असा घटक वेगळा केला की, तो ग्राहीला एकदा चिकटला म्हणजे सहसा सुटत नाही. त्यास किरणोत्सर्गी खूण लावली की ग्राहींची शिरगणती करता येई. १९७२ मध्ये लोमो व रोझेंथाल यांनी तुटक्या मज्जातंतूच्या स्नायूला विजेने काम करावयास लावले, तेव्हा पसरलेली संवेदना पुन्हा आक्रसली. म्हणजे ग्राही किती व कोठे असावेत हे बऱ्याच अंशी पेशीच्या व्यापावरून ठरते.

या ज्ञानाची किंमत काही रुग्णांनी प्राणांनी मोजली. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन हे औषध टोचतात. ते ॲसिटिलकोलीनप्रमाणेच ग्राही उघडते. बरेच दिवस लुळ्या पडलेल्या अंगात ग्राही सर्वत्र पसरलेले असतात. ते सारे एकदम उघडले की पेशींतील पोटॅशियम रक्तात लोटते आणि हृदय थांबू शकते. म्हणून अशा रुग्णांना हे औषध आज टाळतात.

उलट बाजूही आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात पापण्या मिटतात, घास गिळवत नाही. १९७३ मध्ये फॅम्ब्रो, ड्रॅकमन व सत्यमूर्ती यांनी अशा रुग्णांच्या स्नायूंतील ग्राही मोजले. ते निरोगी माणसाच्या तृतीयांशाहूनही कमी भरले. शरीराचीच प्रतिद्रव्ये त्यांचा नाश त्वरेने घडवितात, हे पुढे उमगले. ग्रिनिच येथे डॉ. मेरी वॉकर यांनी १९३४ मध्येच फायसोस्टिग्मिन टोचून अशा एका रुग्णाच्या पापण्या काही काळ उघडून दाखविल्या होत्या. या औषधाने ॲसिटिलकोलीन लवकर नष्ट होत नाही, आणि उरलेसुरले ग्राही तेवढ्यावर काम भागवितात. ते इतके थोडे उरलेले असतात, हे समजावयास मात्र ३९ वर्षे लागली.