मिशनरी कुटुंबजीवन (अमेरिकन मराठी मिशन)

ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी सहकुटुंब परदेशी राहणाऱ्या मिशनऱ्यांचे घर, संसार व मुलांचे संगोपन यांना अनुलक्षून ही संज्ञा वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनच्या कुटुंबांचा विचार केला आहे. रोमन कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असत. प्रॉटेस्टंट मिशनरी बहुधा पत्नीसह येत. त्यामुळे त्यांचे घर हेच मिशनचे एक केंद्र बनले आणि या कार्याची सर्वांत जड किंमतही घरानेच मोजली.

पार्श्वभूमी : अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिच्या पहिल्या तुकडीतील सॅम्युएल न्यूएल व त्यांची पत्नी हॅरिएट लग्नानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १८१२ मध्ये, सेलम बंदरातून कलकत्त्यास निघाले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना तेथे राहू दिले नाही. मॉरिशसकडे जाताना जहाजावरच हॅरिएट बाळंत झाल्या. मुलगी काही दिवसांत दगावली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएट यांचेही निधन झाले. त्या वेळी त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि मराठी मिशनला प्रारंभ झाला. १८३१ मध्ये अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे मिशनचे ठाणे उभे राहिले. पुढे वडाळा, सातारा, सोलापूर, वाई येथे काम पसरले.

आजार आणि ताटातूट : पटकी, ताप व हगवण यांनी अनेक घरे मोडली. हॉल यांच्या पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. पुढच्याच वर्षी, २० मार्च १८२६ रोजी, नाशिकच्या परिसरात फिरतीवर असताना हॉल पटकीने वारले. तेव्हा पत्र जहाजाने पोहोचायला काही महिने लागत. साहजिकच कित्येक बायकांना आपण विधवा झाल्याचे फार उशिरा कळे. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये प्रकृती ढासळल्याने कुटुंबासह मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. त्यांच्या पत्नी हॅना यांनी मुलांना अमेरिकेत वाढवले. उन्हाळ्यात प्रकृतीसाठी महाबळेश्वरला जाण्याची रीत आजारांच्या याच धास्तीतून पडली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर प्रवास बराच कमी वेळाचा झाला.

घरातील काम : मिशनरीपत्नी पगारी कर्मचारी नसत, पण त्यांच्यावाचून मिशन चालत नसे. मुलींच्या शाळा, शिवणवर्ग, आजाऱ्यांना औषध देणे आणि घरोघरी जाऊन स्त्रियांशी बोलणे ही कामे त्यांच्याकडे असत. बंगल्याच्या ओसरीवर सकाळी शाळा भरे आणि तीच ओसरी दुपारी दवाखाना होई. स्वतःचे तान्हे मूल आयेजवळ ठेवून आई दुसऱ्यांच्या मुलींना अक्षरे गिरवायला शिकवी. अविवाहित स्त्रियाही लवकरच आल्या. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फरार अमेरिकेतून परदेशी गेलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रीमिशनऱ्यांपैकी होत. त्यांनी अहमदनगरला मुलींचे शिक्षण उभे केले आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

मुले व शिक्षण : मिशनऱ्यांची मुले आया, माळी व शेजारची मुले यांच्या संगतीत वाढत, मराठी त्यांना शिकवावी लागत नसे. मात्र शिक्षणाचे वय झाले की त्यांना अमेरिकेत नातेवाइकांकडे, मिशनस्नेही कुटुंबांत किंवा मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या वसतिगृहांत ठेवले जाई. आईवडिलांची भेट पुढील रजेला, म्हणजे कित्येक वर्षांनी होई. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी खास शाळा निघाल्या. लंडनचे एल्थम कॉलेज १८४२ मध्ये याच हेतूने सुरू झाले. भारतात मसुरीची वुडस्टॉक शाळा (१८५४) व कोडाईकॅनालची हायक्लर्क शाळा (१९०१) यांमुळे मुले निदान याच देशात राहू लागली. तरीही वर्षातील बहुतेक महिने ती वसतिगृहातच काढत. आईवडिलांच्या निष्ठेची झळ मुलांना त्यांची संमती न विचारता सोसावी लागली. मिशनच्या इतिहासात या गोष्टीला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

पिढ्यांचे सातत्य : दुरावा सोसलेली बरीच मुले मोठेपणी परत आली. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) वडिलांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८७४ मध्ये, अहमदनगरला आले. त्यांचे भाऊ एडवर्ड यांनी मुंबईत भायखळ्याची मिशनशाळा उभी केली. एडवर्ड यांचा अहमदनगरला जन्मलेला मुलगा डॉ. एडवर्ड हिक्स ह्यूम पुढे चीनमधील चांगशा येथे वैद्यकीय कार्य करू लागला. मराठी स्तोत्रांचे कर्ते हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक यांना दिली होती. याच फेअरबँक कुटुंबातील डॉ. रोझ यांनी वाईला मिशन रुग्णालयात काम केले. मिशनरी अमॉस ॲबट यांचे पुत्र जस्टिन ॲबट (१८५३–१९३२) यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून महिपती, तुकाराम व बहिणाबाई यांचे इंग्रजी अनुवाद सिद्ध केले.

नंतरचा विचार : १९५० च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. आईवडिलांचा देश व राहता देश या दोहोंपेक्षा वेगळी, दोहोंच्या मधली अशी संस्कृती या मुलांची असते, असा तिचा आशय आहे. आज परदेशी नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही ही संज्ञा लागू पडते. ॲबट यांच्या अनुवादांत या मधल्या संस्कृतीचे एक फळ दिसते : दोन घरांमध्ये विभागलेल्या माणसाने मराठी संतांना इंग्रजी वाचकांच्या घरी नेले.