पोटखराब : सातबाऱ्यावरची फुलं

कानात इअरफोन असतील तर उत्तम, बसमध्ये उभ्या उभ्या वाचत असाल तरी चालेल. हा भाग मी बोलले तसाच खाली उतरवलाय, फक्त माझे 'म्हणजे म्हणजे' तेवढे गाळलेत.

सुरुवात एका फोटोपासून. माझा मावसभाऊ सॅन डिएगोला असतो. त्याने मार्चमध्ये ग्रुपवर फोटो टाकला. कंबरेएवढ्या झुडपांची टेकडी, अरुंद पायवाट, आणि टोप्या घातलेली वीसेक माणसं वाकून रानफुलं बघतायत. खाली लिहिलेलं, "आमच्याकडे वसंत आला. सायखेड्यात काय?"

मी लिहिलं, "सायखेड्यात द्राक्षाची तोड चालू आहे."

"म्हणजे फुलं नाहीत?"

हे मला लागलं. कारण खरं सांगायचं तर मला माहीतच नव्हतं. आमचं गाव गोदाकाठी. समोर चांदोरी, मध्ये नदी. पूर आला की टीव्हीवर दिसतो तो भाग. काळी जमीन, द्राक्ष, कांदा, ऊस. रानफूल बघायला जायचं म्हणजे पावसाळ्यात, आणि तेही कासला!

तर आम्ही ठरवलं, की आपणही जायचं. रंगपंचमीच्या आधीचा रविवार. मी, चार चुलत भावंडं, कॉलेजचे मित्रमैत्रिणी, असे अकरा जण. बारावे आमचे काका. सायखेड्याहून सिन्नरच्या अंगाला गेलं की हळूहळू काळी माती संपते आणि माळ सुरू होतो. तिथं आजोबांनी घेतलेला आमचा एक तुकडा आहे, आणि त्या तुकड्यात एक टेकाड. लहानपणापासून मी त्याला 'खराबा' एवढंच ऐकलं होतं.

सकाळी सात वाजता तिथं पोचलो, आणि पहिल्यांदा दिसला पळस. एकही पान नाही, नुसता केशरी. आपण 'पळसाला पाने तीनच' म्हणतो ना, फाल्गुनात तीही नसतात! फूल जवळून बघा, पोपटाची चोच वाटते. संस्कृतात याला किंशुक म्हणतात. किं शुक, म्हणजे 'हा पोपट की काय?' मैना आणि बुलबुल त्यावर अक्षरशः भांडत होते.

पुढे उतारावर धायटी, लालभडक बारीक फुलांच्या काड्याच्या काड्या. आयुर्वेदातली आसवं आंबवायला हीच फुलं घालतात. करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं, जाईसारखा वास. आणि खडकाच्या कडेला नेपती. हिला जवळजवळ पानंच नसतात, हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात, आणि त्यावर विटकरी फुलं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "इतकं कोरडं असताना हे फुलतं कसं?"

चांगला प्रश्न आहे, थांबू जरा. कॅलिफोर्नियाच्या त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून वसंतात ओल असते आणि छोटी रोपं फुलतात. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. त्यामुळे आपली छोटी रानफुलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊन जातात. वसंतात फुलतात ती मुख्यतः झाडं आणि झुडपं. मुळं खोल गेलेली असतात, वर्षभराची शिल्लक खोडात असते. पानं गाळल्यामुळे पाण्याचा खर्च कमी, आणि फुलं पाखरांना लांबून दिसतात. वसंत आपल्याकडेही आहे, फक्त तो खाली वाकून नाही, मान वर करून बघायचा.

एवढ्यात काका म्हणाले, "बघून घ्या पोरांनो. द्राक्षाचे पैसे आले की जेसीबी लावणार आहे इथं."

सगळे गप्प. मी विचारलं, "का हो काका?"

काकांनी मोबाइल काढला आणि सातबारा दाखवला. लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं, आणि खाली 'पोटखराब ०.१९.००'. म्हणजे १९ आर, साधारण १९ गुंठे. "हे आपलंच, पण कर्जाला धरत नाहीत, नुकसानभरपाईला धरत नाहीत. सपाट केलं की धरतात."

इथून माझा इतिहासाचा किडा वळवळला. हा 'पोटखराब' आला कुठून?

तर चला १८३५ मध्ये. ठिकाण, पुणे जिल्ह्यातलं इंदापूर. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी जमीन मोजायला निघाले. कंपनीने आधी लावलेला सारा इतका अव्वाच्या सव्वा होता, की शेतकरी गावं सोडून जात होते. या दोघांनी प्रत्येक शेत वेगळं मोजायचं ठरवलं. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठे म्हणजे एकर. आजही प्लॉट घेताना आपण 'गुंठा' म्हणतो, तो त्या साखळीने पक्का केलेला.

मग मातीची प्रत. खोदून बघायचं, किती खोल, कोणता रंग. खोल काळी जमीन १६ आणे, त्याखाली पायऱ्या उतरत उतरत सगळ्यात हलकी २ आणे. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम एका अहवालात एकत्र झाले, आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली. आपल्या नाशिकच्या तालुक्यांतही.

आणि जिथं खडक, नाला, काटेरी झुडूप? तिथं पीक येणार नाही, म्हणून ती जागा आकारणीतून वजा. खराबा. शेताच्या पोटातला खराबा, म्हणून पोटखराब.

आता गंमत बघा. 'खराब' हा शब्द ऐकायला वाईट, पण शेतकऱ्यासाठी ती सूट होती. आणि झुडपांसाठी? त्यांच्यासाठी ते कवच ठरलं. ज्या जागेचा आकार शून्य, तिथं नांगर घालायची घाई कुणाला? शेळ्यामेंढ्या चरल्या, सरपण तोडलं गेलं, पत्रावळीला पळसाची पानं गेली, पण मुळं राहिली. आजूबाजूची १६ आण्यांची जमीन ज्वारीतून उसाकडे, उसातून द्राक्षाकडे गेली. शून्य आण्यांच्या जमिनीवर पळस तसाच उभा.

मग कवच कधी फुटलं? एका दिवसात नाही. १९८५ मध्ये देशात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आलं. हेतू चांगला होता. सरपण आणि चारा वाढवायचा होता. २००० मध्ये देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. उपग्रहाची चित्रं वापरून केलेला, आणि त्यात झुडपी माळ चक्क 'पडीक' या रकान्यात. आणि २०१८ मध्ये राज्याने नियम बदलला. शेतकऱ्याने मेहनतीने लागवडीखाली आणलेली पोटखराब जमीन आता लागवडीयोग्य म्हणून लागते, तिला आकारही लागतो. काका चुकीचं काहीच बोलत नव्हते. ज्याने घाम गाळून दगड काढले, त्याला कर्ज का मिळू नये?

पण या सगळ्यात एक प्रश्न कुठल्याच रकान्यात आला नाही. तिथं आधीपासून काय आहे?

भावाच्या त्या टेकडीचीही गोष्ट फार वेगळी नाही. १९०० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियात काही वनप्रेमी मंडळींना ती झुडपं फालतू वाटायची. त्यांनी डोंगरावर पाइनची रोपं लावली. बहुतेक मेली. पुढे किनाऱ्याजवळच्या झुडपी टेकड्यांवर घरं चढली. १९९३ मध्ये तिथल्या एका करड्या, चिमणीपेक्षाही लहान पक्ष्याला कायद्याने संरक्षण मिळालं, आणि त्याच्यामुळे त्या झुडपांकडे सरकारचं लक्ष गेलं. आज लोक तिथं टोप्या घालून फुलं बघायला जातात ते असं.

लांब कशाला, आपल्या गावाच्या खालच्या अंगाला नांदूरमधमेश्वर आहे. गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा, इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बांधलेला. त्यात गाळ साचत गेला. पाणी मोजणाऱ्याच्या हिशोबात गाळ म्हणजे तोटा. पण त्याच गाळावर पाणवनस्पती आल्या, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. एका वहीतला तोटा दुसऱ्या वहीत जमा!

मी हे सगळं काकांना टेकाडावर उभी राहून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, अभयारण्य सरकारचं आहे. हा तुकडा माझा आहे. तुझ्या भावाची फी पळस भरणार आहे का?"

उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आणि पॉडकास्टमध्ये तरी मी असल्याचा आव आणणार नाही.

मग आम्ही एक केलं. गाडीतली दोरी ३३ फूट मोजून घेतली, जुन्या मोजणीसारखी, आणि बारा जणांनी टेकाड मोजलं. पळस, धायटी, नेपतीची मुख्य पट्टी निघाली फक्त चार गुंठे, तीही नाल्याकडेला, खडकावर. बाकी पंधरा गुंठ्यांत बरीचशी वेडी बाभूळ आणि घाणेरी. दोन्ही मूळच्या इथल्या नाहीत, दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या.

काका नाल्याकडे बघत म्हणाले, "त्या खडकात तसाही मशीनचा दात तुटेल. वरून सुरू करायला सांगतो. चार गुंठ्यांचं पुढं बघू."

'पुढं बघू' म्हणजे हो नाही, हे तुम्हालाही कळतं. पण नाहीही नाही.

निघताना खाली पडलेली फुलं पिशवीत भरली. नाशिकला जुन्या गावात रंगपंचमीला रहाडी उघडतात, दगडी हौद, पेशवाईपासूनचे मानले जातात. फुलांचा रंग उकळून त्यात ओततात आणि लोक धप्पकन उड्या मारतात. आमच्याकडे रहाड कुठली! आजीने एका पातेल्यात पळसाची फुलं उकळली. पाणी केशरी झालं. रंगपंचमीला पहिला रंग काकांनाच लावला.

आता तुमच्यासाठी एक काम. हातात फोन आहेच. महाभूलेखवर जा, घरचा सातबारा काढा, आणि पोटखराबचा आकडा बघा. मग एका रविवारी चार जणांना घेऊन तिथं खरंच जाऊन या. काय फुललंय ते मला पाठवा. जेसीबीच्या आधी.

भेटू पुढच्या भागात.