लाखोटा, मोर्तब आणि शिक्का

लोणावळ्यास उतरलेला प्रवासी चिक्कीच्या दुकानात शिरतो, माल पाहतो, दुकानदाराचा चेहरा पाहतो आणि मगच पैसे मोजतो. तोच मनुष्य घरबसल्या इंटरनेटवरून त्याच चिक्कीची मागणी नोंदवितो, तेव्हा ना माल हाती असतो, ना चेहरा समोर. पैसे मात्र आधी द्यावयाचे असतात. मग त्याने विश्वास ठेवावा तो कशावर? आजच्या दुकानदारीतील हा प्रश्न नवा वाटतो खरा. परंतु आमच्या मावळास तो फार जुना आहे.

बोरघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी पुरातन वाट. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आणि धेनुकाकटाच्या यवनांनी आपली नावे दानलेखांत कोरून ठेविली आहेत. दूरदूरचे धनिक या वाटेस येत होते, याची ती साक्ष. पुढे राजमाची घाटाच्या माथ्यावर, आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना मावळात पहारा करीत उभे राहिले. १८३० साली घाटातून पक्की सडक झाली, १८६३ साली आगगाडी घाट चढली. पण किल्ल्याचा पहारा हा वाटेचा पहारा. वाटेवरून जाणाऱ्या कागदाची राखण किल्ल्याने होत नाही.

त्या राखणीसाठी आपल्या पूर्वजांनी तीन उपाय योजिले होते, आणि तिन्हींची नावे आपल्या भाषेत अजून आहेत. कागद वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो बंद करून त्यावर लाखेची मोहोर करीत, तो लाखोटा. मजकुराखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये म्हणून शेवटी मुद्रा उठवीत, ते मोर्तब. आणि कागद कोणाच्या सत्तेने निघाला हे कळावे म्हणून धन्याची मुद्रा करीत, तो शिक्का. गुप्तता, अभंगता आणि ओळख, अशी ही त्रयी होय. सावकाराची हुंडीही याच न्यायाने चाले. एका पेठेत लिहिलेली हुंडी दुसऱ्या पेठेतील आडत्या पटवी, ती लिहिणाऱ्याची पत आणि खूण ओळखून.

या त्रयीतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. त्याचा धडा मावळातच मिळाला. १७७९ च्या जानेवारीत रघुनाथरावांस पुण्यास नेऊन बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली. तळेगावापर्यंत पोहोचून तिला मागे फिरावे लागले, आणि वडगावापाशी मराठ्यांनी तिला पुरते कोंडले. तेव्हा तह झाला. १७७३ नंतर घेतलेला साष्टी आदिकरून मुलूख परत देण्याचे इंग्रजांनी कबूल केले. नुसत्या सहीवर भागणार नाही हे ओळखून की काय, मराठ्यांनी दोघे इंग्रज ओलीस ठेवून घेतले. कागद खरा होता, सह्याही खऱ्या होत्या. पण फौज सुखरूप परतली, आणि मुंबईच्या कौन्सिलाने व कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने सांगितले की सही करणारांस असा करार करण्याचा अधिकारच नव्हता! युद्ध पुढे चालले, १७८२ साली सालबाईचा तह झाला, आणि साष्टी अखेर इंग्रजांकडेच राहिली. सही कोणाची, एवढे पाहून पुरत नाही. तिच्यामागे कोणाचा अधिकार उभा आहे, तेही पाहावे लागते.

आता आजच्या दुकानाकडे वळू. आपल्या यंत्रातून निघालेला मजकूर दुकानाच्या यंत्रापर्यंत अनेक परक्या यंत्रांतून जातो. ती वाट सर्वस्वी उघडी. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की अशा उघड्या वाटेवर, ऐकणारांच्या देखत, दोघा अपरिचितांना एक गुप्त किल्ली ठरविता येते. १९९५ साली नेटस्केप कंपनीने एसएसएल नावाची व्यवस्था प्रचारात आणली. १९९९ पासून तिची जागा टीएलएस या सुधारलेल्या व्यवस्थेने घेतली. तिच्यात लाखोटा आहे, मोर्तब आहे, आणि शिक्का म्हणजे प्रमाणपत्र, तेही आहे. हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था ठरलेल्या असतात, आणि कोणत्या संस्थेचा शिक्का मानावयाचा याची यादी आपल्या ब्राउझरपाशी असते. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देण्यास आरंभ केला.

दुकानदाराचे काम येथून सुरू होते. ज्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रावर दुकान थाटले असेल, तेथे प्रमाणपत्र बसवावे लागते आणि त्याची खासगी किल्ली जिवापाड जपावी लागते. पण पुष्कळजण एवढ्यावरच थांबतात, आणि चूक तेथेच होते. दुकानाच्या प्रणालीतही आपला पत्ता सुरक्षित असल्याची नोंद करावी लागते. जुन्या उघड्या पत्त्यावर आलेल्या गिऱ्हाइकास आपोआप बंदिस्त पत्त्याकडे वळवावे लागते. पानावरील चित्रे उघड्या वाटेने येत असतील तर तीही बदलावी लागतात. पैसे घेण्याचे पान तेवढे बंदिस्त ठेवून बाकीचे उघडे टाकणे, म्हणजे दिंडीला कुलूप लावून परसदार उघडे ठेवणे होय. शिवाय प्रमाणपत्रास मुदत असते. ती वेळेवर वाढविली नाही, तर ब्राउझर गिऱ्हाइकाला दारातूनच परत फिरवितो.

इतके सारे केले तरी वडगावचा प्रश्न उरतोच. २०११ साली हॉलंडमधील डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेत चोर शिरले, आणि तिच्या शिक्क्याने गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे बाहेर पडली. शिक्का अस्सल, पण त्यामागे अधिकार नव्हता. ब्राउझर करणारांनी त्या संस्थेस यादीतून वगळले, आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. साधे प्रमाणपत्र एवढेच सांगते की त्या पत्त्याचा ताबा याच दुकानाकडे आहे. दुकानदार सचोटीचा आहे, असे ते सांगत नाही. नामांकित चिक्कीवाल्याच्या नावात एखादे अक्षर फिरवून ठकाने पत्ता घेतला, तर त्या पत्त्याचेही प्रमाणपत्र त्यास मिळू शकते, आणि कुलूपही दिसते. लोक कुलपाचा अर्थ भलताच लावतात हे पाहून गूगलने २०२३ साली आपल्या क्रोम ब्राउझरातून कुलपाचे ते चित्रच काढून टाकले.

यास्तव आमचे सांगणे थोडके आहे. दुकानदाराने लाखोटा नीट बंद करावा, ते त्याचे कर्तव्य आहे. त्यात आळस करणारा दुसऱ्याचे धन उघड्या घाटातून पाठवितो. गिऱ्हाइकाने मात्र लाखोटा बंद आहे एवढ्यावर न विसंबता पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा, आणि शिक्का कोणाचा ते पाहावे. वडगावास मराठ्यांनी रणात जिंकलेले कागदावर गमावले. आपणांवर तो प्रसंग दुकानाच्या दारात येऊ नये, इतकेच.