मायरा ताऱ्याचे रूपविकार : एका शोधाचा इतिहास

तारे अविकारी आहेत, या प्राचीन समजुतीला ज्या निरीक्षणांनी धक्का दिला त्यांत तिमिंगल समूहातील मायरा या तांबड्या राक्षसी ताऱ्याची निरीक्षणे अग्रगण्य होत. त्याच्या रूपविकारांच्या शोधाचे श्रेय डेव्हिड फॅब्रिशियस या फ्रीझियातील धर्मोपदेशकास देण्याचा प्रघात आहे. हे श्रेय कितपत यथार्थ आहे, ते पाहणे उद्‌बोधक ठरते.

ऑगस्ट १५९६ मध्ये एका ग्रहाचे स्थान निश्चित करताना फॅब्रिशियसने खुणेसाठी जवळचा एक तारा घेतला. तो प्रथम अधिक तेजस्वी झाला व ऑक्टोबरात दिसेनासा झाला. १५७२ चा नवतारा लोकांच्या स्मरणात ताजा असल्याने हाही तसाच असावा, असे मानले गेले. १६०३ मध्ये बायरने आपल्या नकाशात त्याच ताऱ्यास ओमिक्रॉन हे अक्षर दिले. परंतु हाच तो लुप्त झालेला तारा, हे त्याच्या ध्यानात आले नाही. १६०९ मध्ये फॅब्रिशियसला तो पुन्हा दिसला, तरी नियम हाती आला नाही. १६३८ मध्ये फ्रानेकरच्या होलवार्डाला तो दिसला. पुढे त्याने तो मावळताना व परतताना पाहिला आणि सुमारे अकरा महिन्यांचा आवर्तकाल सांगितला. १६६२ मध्ये हेवेलियसने त्याला ‘मायरा’, म्हणजे अद्‌भुत, हे नाव दिले; १६६७ मध्ये बुलियोने ३३३ दिवसांचा काल काढला. आजचे मूल्य सुमारे ३३२ दिवस आहे. सारांश, तारा प्रथम दिसला फॅब्रिशियसला. रूपविकार ओळखला गेला तो होलवार्डाच्या हातून.

कारणमीमांसेला मात्र फार विलंब लागला. स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या एका बाजूवर काळे डाग असावेत, असे बुलियोने सुचविले. सौरडागांवरील पहिली पुस्तिका फॅब्रिशियसच्याच मुलाने, योहानेसने, १६११ मध्ये प्रसिद्ध केली होती. तेव्हा ही उपपत्ती त्या काळाला साजेशीच होती. तारा स्वतः बदलत नाही, हे गृहीत तीत अबाधित राहिले. १९१४ मध्ये शॅप्लीने सेफीड ताऱ्यांसाठी स्पंदनाची कल्पना पुरस्कारिली व एडिंग्टनने तिला गणिती रूप दिले, तेव्हा हे गृहीत ढळले. मायरासारख्या ताऱ्यांतही बाह्य थर आळीपाळीने फुगतात व आकुंचन पावतात. हायड्रोजनच्या आयनीभवनाचा थर उष्णता अडवून पुन्हा सोडतो व स्पंदन चालू ठेवतो. दृश्य तेज शेकडो पटींनी बदलते, एकूण प्रारण त्या मानाने फारच थोडे. कारण तारा थंड झाला म्हणजे त्याचे बरेचसे प्रारण अवरक्त भागात जाते आणि टिटॅनियम ऑक्साइडचे रेणू दृश्य प्रकाश शोषून घेतात.

या इतिहासात भारतीय निरीक्षकांचाही वाटा आहे. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी १८६७ मध्ये ‘आर रेटिक्युली’ या ताऱ्याचे रूपविकार शोधून काढले. तोही मायरा वर्गातीलच होय.

१९९९ मध्ये पीटर वुड यांनी मोठ्या मॅगेलनी मेघातील तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे आवर्तकाल व तेज यांची तुलना केली, तेव्हा ते एका नव्हे तर अनेक समांतर श्रेणींत मांडले गेलेले आढळले. त्यांतील एका श्रेणीच्या दीर्घ दुय्यम आवर्तनांचे कारण अद्याप वादग्रस्त आहे. येथेही बुलियोचा धडा उपयुक्त ठरावा : आवर्तकाल अचूक मोजला गेला, एवढ्याने कारण उमगले असे होत नाही, एका दिवसाने चुकलेल्या त्या मापनानंतर खऱ्या उपपत्तीला अडीचशे वर्षे लागली.